कमलाकांतरावांची हसरी प्रजा

अकोल्याच्या जठारपेठेतले कमलाकांत पाठक हे मूर्तिजापूरकडच्या एका तूर खरेदी केंद्राचे प्रमुख होते, पण ती त्यांची वरवरची ओळख. खरं म्हणजे ते सम्राट होते. साम्राज्य लॅपटॉपमध्ये होतं, आणि वीज गेली नाही तोवर त्याला कसलाही धोका नव्हता.

मुलगा ईशान पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा बापाचा वेळ जावा म्हणून त्यानंच हा खेळ लावून दिला होता. पटावरचाच खेळ, फक्त पट पडद्यावर. हातात एक पुरातन वस्ती मिळते, तिचं साम्राज्य करायचं. वरच्या पट्टीत कार्डं सरकत राहतात. शेती, खाण, सैन्य, मंदिर, नाट्यगृह. टिचकी मारली की कार्ड आपलं. खाली पिवळे ठोकळे असतात, ती माणसं. ठोकळा ओढून शेतात सोडला की शेतकरी झाला, तलवारीवर सोडला की शिपाई. ठोकळा कुरकुरत नाही, तंबाखू मागत नाही, टेबलाशी येऊन उभा राहत नाही. शिवाय कोपऱ्यात मागे वळलेला एक बाण आहे. चाल संपायच्या आत तो दाबला की केलेलं न केलेलं होतं. आयुष्यभर वरिष्ठांपुढे 'सर, सर' करत उभं राहिलेल्या माणसाला हा बाण किती गोड लागला असेल, ते काय सांगायचं! ईशान पुण्याहून आपली चाल खेळायचा, हे अकोल्याहून आपली.

आणि चेहरे. प्रजा नाराज झाली की पडद्याच्या कडेला लालबुंद, तोंड वाकडं केलेले चेहरे उमटायचे, आणि चाल संपवायला गेलं की चौकट यायची : 'तुमची माणसं नाराज आहेत. तरीही चाल संपवायची?' यावर कमलाकांतरावांना जालीम उपाय सापडला होता. नाट्यगृह बांधायचं. दोन चेहरे लगेच हसरे.

"बाबा, कोठारं रिकामी आहेत तुमची. आधी शेती वाढवा," ईशान फोनवर सांगायचा.

"राज्य कसं करतात ते तू मला शिकवू नकोस," सम्राट म्हणायचे.

त्या वर्षी वऱ्हाडात तूर मायंदळ पिकली आणि बाजारात तिला कुणी विचारेना. सरकारी केंद्रावर हमीभाव होता, म्हणून सगळे तिकडे धावले. कमलाकांतरावांच्या केंद्रासमोर ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. आणि नेमका बारदाना संपला. पोती नाहीत तर माप नाही, माप नाही तर खरेदी नाही. बुधवारी खरेदी बंद व्हायची होती. तोवर पोती आली नाहीत, तर रांगेतल्या प्रत्येकाला आपली तूर मातीमोल भावानं व्यापाऱ्याच्या पदरात टाकून घरी जावं लागणार होतं.

गंमत अशी की पोती अकोल्याच्या गोदामात पडून होती. मोठ्या साहेबांपुढे उभं राहून मागितली की मिळत होती. बाकीच्या केंद्रांवरचे लोक टेबल आपटून घेऊन गेले. कमलाकांतराव फोन लावायचे, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य कानी पडलं की फोन ठेवायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटायचं. मागायची वेळ टळली म्हणजे मागितल्यासारखंच, असा त्यांचा हिशेब.

खुशालराव ठाकरे रांगेत पहिला. तो रोज सकाळी टेबलाशी यायचा.

"साहेब, बारदाना कदी येनार हाय?"

"वरती कळवलंय."

"वरती कोन बसलं हाय? देव? त्याले एखांदा फोन तं लावा बापा."

कमलाकांतरावांनी लॅपटॉपवरची नजर उचलली. खुशालरावच्या मागे खिडकीत दहा-पंधरा चेहरे होते, उन्हानं रापलेले, लाल, तोंडं वाकडी. कमलाकांतरावांनी ते बघितले, पडद्याच्या कडेला बघितलं, परत खिडकीत बघितलं. आणि त्या सुपीक डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर मांडव पडला, चहाचं पातेलं चढलं आणि डोमाजीचं खंजिरी भजन मंडळ बसलं. डोमाजीला बोलवायला लांब जावं लागलं नाही. तो रांगेतच होता. आपल्या तुरीवरून उतरून तो खंजिरी घेऊन बसला, एवढंच. भजन रंगलं. लोकांनी माना डोलावल्या, मग हसायला लागले, पोट धरधरून हसले. कमलाकांतराव आत खुर्चीत तृप्त झाले. डोमाजीनं मध्येच स्वतःचं कडवं घुसवलं होतं,

"पोतं मांगलं मायबापा, भजन देलं हाती,
आता खंजिरीत भरून तूर नेऊ राती!"

पण ते त्यांनी ऐकलं नाही. पडद्यावर त्यांची चाल आली होती.

"प्रत्यक्षातही चालतं बरं का तुझं नाट्यगृह," रात्री त्यांनी ईशानला फोनवर सांगितलं. तारा, त्यांची बायको, पोळ्या लाटत होती. लहान मुलांच्या शाळेत शिकवून आवाज कमावलेली बाई. तिनं मान वर केली आणि लाटणं जरा जोरात फिरवलं.

रविवारी सकाळी जठारपेठेतल्या त्यांच्या फाटकाशी खंजिरी वाजली. तारा बाहेर आली. गल्लीत पंचवीसएक माणसं मांडी घालून बसली होती. कमलाकांतराव तिच्या मागून बनियनवर डोकावले.

"राम राम, बाई," खुशालराव म्हणाला. "आमी भांडाले नाई आलो. साहेबायनं आमाले भजन ऐकवलं, ते फेडाले आलो." मग तो कमलाकांतरावांकडे वळला आणि आवाज खाली आणला. "साहेब, मोठ्या साहेबाचं घर याच गावात हाय. आमी गेलो तं फाटकातूनच हाकलतीन. तुमी फकस्त आमच्या पुढं चाला. बोलाचं आमी पाहू. बुधवार जवय आला, जी."

"थांबा, शर्ट घालून येतो," कमलाकांतराव म्हणाले.

शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता. दुर्दैवानं खुर्चीसमोर लॅपटॉप होता. ईशाननं सीमेवर सैन्य आणून उभं केलं होतं आणि कडेला लाल चेहरे उमटले होते. एवढी एकच चाल, असं म्हणून ते बसले.

"अहो, चला ना. ती माणसं उन्हात बसलीत," तारा दारातून म्हणाली.

"आलोच."

"तीस वर्षांत तुम्हाला कुणाच्या पुढे चालताना मी पाहिलं नाही. आज तरी चला."

"अगं, ईशाननं सैन्य आणलंय!"

तारानं खुंटीवरची छत्री घेतली, चपला पायात सरकवल्या आणि गेली.

कमलाकांतरावांनी तिसरं नाट्यगृह बांधलं. सगळे चेहरे हसरे झाले. बाहेर खंजिरीचा आवाज गल्लीच्या टोकाशी गेला, वळला आणि थांबला.

"बघ, निवले की नाही? तारा, चहा टाक जरा," ते मोठ्यानं म्हणाले. घरात कुणी नव्हतं.

चाल संपवायची की सैन्याचंही काही बघायचं, यावर त्यांचा बराच वेळ खल चालला. मग फोन वाजला. मोठे साहेब होते. कमलाकांतराव ताडकन उठून बनियनवर ताठ उभे राहिले.

"पाठक, तुमच्या मिसेस माझ्या ओट्यावर बसल्यात. बारदाना पाहिजे होता तर सांगायचं नाही का? गोदामात धूळ खात पडलाय!"

"सर... सर..."

"किती पोती लागतील?"

तो आकडा कमलाकांतरावांना माहीत नव्हता. "सर..." ते पुन्हा म्हणाले. तेवढ्यात पलीकडून ताराचा शाळेतला खणखणीत आवाज आला, खुशालरावला विचारून तिनं आकडा सांगितला, आणि साहेब म्हणाले, "बाई, आत्ता ट्रक लावतो." मग कमलाकांतरावांना काहीही न सांगता फोन बंद झाला.

ते सावकाश खाली बसले. खुर्चीवरचा शर्ट पाठीला टोचत होता. पडद्यावर सगळी प्रजा त्यांच्याकडे बघून हसत होती. मागे वळलेला बाण कोपऱ्यात होता. त्यांनी तो दाबला. तिसरं नाट्यगृह तेवढं गेलं.