दातांत तलवार धरणारा नायक

आमच्या वाचनगटात आम्ही मोजून चौघं. मी बोईसरला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. पेशंट आत गेला की डॉक्टरांचं मशीन घूंऽऽ करायला लागतं आणि मी पुस्तक उघडते. दुसरे पालघरचे एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. तिसऱ्या सातपाटीच्या मावशी. घरची बोट मुलगा बघतो, मावशी सुकी मासळी विकतात आणि दुपारी ओट्यावर बसून मिळेल ते वाचतात. चौथा, वयाने सगळ्यांत लहान, बीडकडचा. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे आणि सालवडला खोली करून राहतो. एकदा दाढ दुखते म्हणून दवाखान्यात आला, माझ्या हातातलं पुस्तक बघून दाढ विसरला आणि म्हणाला, "ताई, शाळा सुटल्यापासून गोष्टीचं पुस्तकच हातात धरलं नाही बघा." तेव्हापासून तो आमच्यात.

तर त्या वर्षी ती कादंबरी आली.

आली म्हणजे काय, वाजतगाजत आली. पुस्तकाचा ट्रेलर निघाला होता! ढोल, वादळ, जळणारं जहाज, आणि एक घोगरा आवाज म्हणत होता की असं साहस मराठीत आजवर झालं नाही. फोन उघडला की तेच. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं, हात फिरवला की बोटांना लागणारी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कथा घडते आपल्या किनाऱ्यावर, पालघरच्या समुद्रात. साहेबांनी गटावर लिहिलं, "आपला किनारा! आपला किल्ला! शेवटी कुणाला तरी आपली आठवण झाली." एरवी आम्ही एकच प्रत फिरवून वाचतो. या वेळी चौघांनीही आपापली घेतली. सगळ्यांचं वाचून होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही, आणि मग शिरगावच्या किल्ल्यावर जमून गप्पा मारायच्या, असं ठरलं.

पहिल्याच प्रकरणात नायकाने कड्यावरून समुद्रात उडी मारली. आमच्याकडचा किनारा कसा, तर लांबच लांब वाळू, कुठे चिखल, मागे सुरूची झाडं. कडा कुठून आणला देव जाणे. पण मी सोडून दिलं, कादंबरी आहे, चालायचंच. मग तो पोहत किल्ल्यापर्यंत गेला आणि तलवार दातांत धरून तट चढला. चढता चढता शत्रूला आव्हानही दिलं. मी ते डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते हातमोजे काढत म्हणाले, "दातांत तलवार धरून बोलला? मग त्याला आपल्याकडे पाठव, एक्सरे काढू."

त्यानंतर मला ते पुस्तक गंभीरपणे वाचताच येईना. नायकाला कधी भूक लागत नाही, तो घाबरत नाही, चुकत नाही. जखम होते ती खांद्यालाच आणि पुढच्या प्रकरणात बरी होते. प्रत्येक प्रकरण 'आणि तेवढ्यात...' वर संपतं. मी नेटाने वाचत राहिले. मनात मात्र वाटत होतं की दोष आपलाच असणार, दिवसभर फोन घेऊन घेऊन आपलं मन मेलं असणार. कारण गटावर साहेब रोज पेटलेल्या आगीचं चित्र टाकत, मावशी अंगठा देत, आणि मीही, सगळ्यांना आवडतंय तर आपण कशाला मोडता घाला म्हणून, टाळ्या पाठवत होते.

ठरल्या रविवारी सकाळी आम्ही शिरगावला जमलो. मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली होती. तटाच्या सावलीत बसलो. खाली ओहोटी लागलेली, वारा छान. साहेबांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सुरू केलं, "ही एक महत्त्वाकांक्षी कलाकृती आहे, असं मला नमूद करावंसं वाटतं..."

मावशींनी भाकरी मोडता मोडता वर बघितलं. "सायेब, खरं बोला. तुमी पुरी वाचली?"

साहेबांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, "मधली बरीच पानं उलटली."

"मी तं लढाई आली का झोपायचे," मावशी म्हणाल्या.

आणि मग जो हशा फुटला! इतके दिवस कोंडलेला होता. मी दातांतली तलवार सांगितली. साहेबांनी ट्रेलरमधल्या घोगऱ्या आवाजात नायकाची वाक्यं म्हणून दाखवली. मावशी मात्र हसता हसता थांबल्या. "एक सांगू? मला वाटलेलं, आमची माणसं येतील त्याच्यात. येवढं मोठं पुस्तक, अन् आमची बाई येकदाच आली. 'एका कोळणीने त्याला आश्रय दिला.' बस. तिचं पुढे काय झालं, कोणाला पडली नाय." त्यांच्या आवाजातली निराशा आमच्या थट्टेपेक्षा खरी होती.

आमचा ऑपरेटर यातलं काहीच बोलला नव्हता. त्याने पुस्तक पिशवीत ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाला, "मला तर लई आवडलं."

आम्ही तिघंही ओशाळलो. साहेब घाईघाईने म्हणाले, "अरे, तसं वाईट नाही..."

"नाही साहेब, तुम्ही बोला. पण आमच्या खोलीवर तर धुमाकूळ झाला याचा." मग त्याने सांगितलं. खोलीत तो धरून चौघं. बाकीचे बिहारचे, मराठी वाचता न येणारे. संध्याकाळी एक जण पोळ्या लाटायचा, एक भाजी टाकायचा आणि हा वाचून हिंदीत गोष्ट सांगायचा. 'तेवढ्यात' आलं की पोळ्या करपायच्या. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसल्याबरोबर विचारणा, "फिर क्या हुआ?"

"आणि मावशी, ती बाई तर सगळ्यांत भारी आहे की! नायक वादळातून तिच्या दारात येतो, थंडीनं दात वाजतायत, लाज वाटते म्हणून भूक लागली सांगत नाही. ती काही विचारत नाही, नुसतं ताट वाढते. तिचा स्वतःचा माणूस त्याच वादळात दर्यात गेलेला. ती घास वाढते आणि कान दाराकडं. मग नायकाला कळतं आणि त्याला पहिल्यांदा भीती वाटते. स्वतःची नाही, त्या माणसाची."

मावशींचा हात भाकरीवर तसाच राहिला होता.

"हे कुठे आहे?" मी विचारलं. "माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"हे काय, मधेच आहे." त्याने पुस्तक काढलं, पानं उलटली, मागे गेला, पुढे आला. बराच वेळ शोधलं. शेवटी ती ओळ सापडली. एका कोळणीने त्याला आश्रय दिला. त्याखाली लगेच घोडे आणि धूळ.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आईच्यान, इथं तर काहीच नाही. पोरं विचारत होती ना, 'खाना दिया कि नहीं? उसका आदमी कहाँ है?' म्हणून सांगत गेलो... मला वाटलं वाचलंच होतं." मग पुस्तक मिटून तो म्हणाला, "म्हणजे मलाही फसवलं की यानं!" आणि तो आमच्यापेक्षाही मोठ्याने हसला.

त्यानंतर आम्ही कादंबरीवर बोललोच नाही. उरलेली गोष्ट त्याच्याकडून ऐकली, त्याची, खोलीवरची. त्यात नायक एकदा चुकीच्या खाडीत शिरतो आणि चिखलात रुततो, तेव्हा मावशींनी गुडघ्यावर थाप मारली. साहेब म्हणाले, "तू लिही हे." तो म्हणाला, "नको साहेब. लिहायला बसलो तर मीही तलवार दातात देईन."

पुढे थोड्या दिवसांनी मावशींनी त्या सगळ्या पोरांना सातपाटीला जेवायला बोलावलं. मीही गेले. पंगत बसली, बोंबलाचं कालवण आलं. त्यातल्या एका बिहारी मुलाने दबकत विचारलं, "आंटी, वो कहानीवाली औरत... आपके ही गाँव की थी?"

मावशींनी क्षणभरही विचार केला नाही. "हां, हमारे गल्लीकीच थी," त्या म्हणाल्या.

"और उसका आदमी? लौटा?"

ऑपरेटरने घास हातात धरून मावशींकडे बघितलं. हे त्यालाही माहीत नव्हतं.

"बैठो आरामसे," मावशी म्हणाल्या, आणि भाताचं पातेलं जवळ ओढून सांगायला लागल्या.