पोटरीतल्या पांढऱ्या रेघा

हैदराबादच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा जनुकीय रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "आपके माँ-बाप रिश्ते में थे क्या?" मी म्हणालो, हो. वडिलांनी मामाचीच मुलगी केली होती. त्यांनी मान हलवली आणि आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. आर्टेरियल कॅल्सिफिकेशन ड्यू टू डेफिशियन्सी ऑफ सीडी सेव्हंटी-थ्री.

सोपं करून सांगतो, कारण मला सहा वर्षं कुणी सांगितलं नाही. आर्टरी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी. शरीरात एक प्रथिन तयार होत नाही, म्हणून पायांच्या नळ्यांत आणि हातापायांच्या सांध्यांत कॅल्शियम साचतं. चालताना पोटरीला रक्त पुरत नाही, ती दुखते. थांबलं की दुखणं थांबतं. एक्स-रेत हाडांशेजारी पांढऱ्या रेघा दिसत होत्या. त्या माझ्या रक्ताच्या नळ्या होत्या.

माझं गुडीहत्नूरला किराणा दुकान आहे. दुकानापासून बसथांबा सहाशे चाळीस पावलं. पहिल्या वर्षी मी न थांबता पोचत होतो. चौथ्या वर्षी तीनशे दहावर बसावं लागलं, मागच्या उन्हाळ्यात एकशे नव्वदवर. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं होतं. इकडच्या तीन डॉक्टरांपैकी एकानेही वही उघडली नाही. एकाने सांधेवात म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या मी दोन वर्षं घेतल्या. शेजारी म्हणाले, तंबाखूतला चुना पायात उतरला. मी चुना सोडला. हैदराबादला कळलं की आजार गोळ्यांमुळेही नाही आणि चुन्यामुळेही नाही. पण गरज नसलेल्या गोळ्या बंद करा, म्हणाले.

हा आजार आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो. दोघं नात्यातले असले की तसं होण्याची शक्यता वाढते. मला झाला, म्हणजे माझ्या मुलीकडे, वैशालीकडे, एक जनुक गेलंच. तिला त्रास नाही, पण ते तिच्याजवळ आहे.

आणि वैशालीची सोयरीक माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाशी, संदीपशी, ठरलेली होती. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. पत्रिकेत छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळले होते.

ताई बाजारहत्नूरला दिलेली. तिच्या पोटऱ्या चौदा वर्षांपासून दुखतात. शेतातून येताना ती बांधाबांधावर बसायची, आणि तिला आळशी म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.

मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, "ताई, एकखेप पायाचा फोटो काढून पाह्य. रक्तही दे."

"चवदा वर्सं तू मले आळशी म्हणे. आता तुहे पाय दुखले त रोग झाला काय?"

मी माझा रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला.

"लगन मोडाचं अशीन त सरळ सांग, बापू. रोगाच्या नावावर काऊन मोडून राह्यला?"

दोन महिने ती बोलली नाही. मग संदीपनेच तिला आदिलाबादला नेलं. एक्स-रेत त्याच रेघा. रक्ताच्या रिपोर्टसाठी ताई आणि मी हैदराबादला गेलो. डॉक्टरांच्या दारासमोर पावणेतीन तास बसलो. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

तोच आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, वैशाली आणि संदीप दोघांकडे एकेक सदोष जनुक आहे, त्यांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. "शादी मत करो, यह मैं नहीं कहूँगा. जानकर करो."

ताईने मला विचारलं, "चारात एक म्हंजे?"

"तुह्याच्यासारखे पाय. चार लेकरांत एकाले. तेही नशिबावर, दोघालेही होऊ शकते."

तिने रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाली, "सांग वैशूले, मीच मोडली म्हून. तुह्यावरचा राग माह्यावर येऊ दे."

आला नाही. वैशाली अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. पण तुमच्या घरात दोघा भावंडांचे पाय असे दुखत असतील, तर पत्रिकेआधी पायांचा एक्स-रे काढा. एवढंच सांगायला हे लिहिलं.

हा आजार घालवणारं औषध आज नाही. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, असं आम्हाला सांगितलं आहे. ताईचा रिपोर्ट मिळाला त्या दिवशी दवाखान्यातून बससाठी निघालो तेव्हा मी सवयीने पावलं मोजत होतो. एकशे साठवर ताई एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली. माझीही पोटरी आखडली होती, पण मी उभाच राहिलो.

तिने पदराने शेजारची धूळ झटकली.

"बस, आळश्या," ती म्हणाली.