उताराचं कुलूप

धाराशिवच्या बाहेर, माळावर, विद्यापीठाची ती इमारत आहे. गिलावा न केलेलं काँक्रीट, मधे मोकळा चौक आणि चौकाभोवती तळापासून गच्चीपर्यंत चढत जाणारा रुंद उतार. जिना मागं, अरुंद. उद्घाटनाला आर्किटेक्ट म्हणाले होते, ‘कुणाची मदत न मागता प्रत्येकाला वर जाता आलं पाहिजे.’ ते वाक्य मी बातमीत घेतलं.

माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, ती बातमी वाचून एम.ए.ला नाव घातलं. कळंबच्या रस्त्यावरच्या अपघातानंतर ती चाकाच्या खुर्चीत होती. पहिल्या सत्रात ती उतारावरून एकटी वर जायची. घरी आल्यावर काळे झालेले तळहात मुद्दाम दाखवायची.

मग पोरं उतारावरून मोटारसायकली वर नेऊ लागली. कार्यालयानं तळाशी लोखंडी फाटक बसवलं. किल्ली शिपायाकडं. दुसरी हरवू नये म्हणून तीही त्याच जुडग्यात.

परीक्षेच्या पहिल्या पेपराला मी अक्काला सोडायला गेलो. फाटक बंद. पौर्णिमा होती, शिपाई तुळजापूरला गेला होता, जुडगा कमरेला लावून.

‘कुलूप तोडा,’ मी म्हणालो.

‘सरकारी आहे. नंतर उत्तर कोण देणार?’ विभागप्रमुख म्हणाले.

‘मग खाली बसून लिहू द्या.’

‘नंबर वरच्या बाकावर टाकलाय.’

वर्गातली पोरं जमली. ‘अक्का, आमी हाव की. नवरीसारखं नेतो तुमाला.’

‘नवरीला इचारून नेतात रं,’ अक्का म्हणाली. सगळे हसले. तीही हसली.

त्यांनी जिन्यावरून खुर्ची उचलली. वळणावर ती कलंडली. एकानं अक्काला काखेत हात घालून धरलं, ओढणी खाली पडली. तिनं पेपर लिहिला. उतरवताना तिनं डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या पेपराच्या सकाळी मी गाडी काढली. ती पलंगावरच होती.

‘शिपाई आलाय. फाटक उघडंय आज,’ मी म्हणालो.

‘पौर्णिमा काय परत येत न्हाय का?’ ती म्हणाली आणि कूस बदलली.

संध्याकाळी शिपाई घरी आला. झालेलं त्याला कळलं होतं. त्यानं प्रसाद आणि कुंकू आणलं होतं. अक्कानं कुंकू लावून घेतलं, त्याला चहा द्यायला सांगितला. परीक्षेचा विषय कुणी काढला नाही. चहा पिऊन तो फाटकाला कुलूप घालायला गेला.