डिंककाकांनी बुजवलेलं भोक

वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, एक बाइंडर एकोणतीस वर्षं फाटकी पुस्तकं जोडत बसले होते. हात असा, की त्यांनी शिवलेलं पुस्तक पुन्हा उसवून आलं नाही. वाकडं काही त्यांना बघवत नसे. घरी भिंतीवरचं कॅलेंडर तसूभर तिरकं झालं तरी जेवता जेवता उठून सरळ करत. बायको म्हणायची, "बरं झालं मी तुम्हाला सरळ नाकाची मिळाले. नाहीतर मलाही त्या पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घातलं असतंत."

त्यांच्याकडे सगळ्यात जास्त यायची ती लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. कुणी कोपरा चघळलेला, कुणी राणीला मिशा काढलेल्या. ती जोडता जोडता त्यांना सगळ्या गोष्टी पाठ झाल्या होत्या. म्हणून शनिवारी मुलांकडून कागदकाम करून घेणारी शिक्षिका सोडून गेली, तेव्हा ग्रंथपालबाई जिना उतरून खाली आल्या.

"मी गोष्ट वाचून दाखवते. त्यातलं काहीतरी मुलांकडून करून घ्यायचं, एवढंच. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

बाइंडर नाही नाही म्हणत गेले आणि महिन्याभरात रमले. सावली हरवलेल्या राजाची गोष्ट झाली की काळ्या कागदाच्या सावल्या कापायच्या. वारा गिळणाऱ्या माशाची झाली की नळीतून फुंकून रंग पसरवायचा. मुलं त्यांना डिंककाका म्हणू लागली. त्यांना ते नाव आवडलं, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. गोष्ट होती पाठ दुरुस्तीला टाकलेल्या कासवाची. बिचारं दारोदार फिरतं आणि कुणाची टोपी, कुणाचं खोकं पाठीवर घालून बघतं. काकांनी प्रत्येकाला पुठ्ठ्याचं एक कासव कापून दिलं आणि सांगितलं, "याच्या पाठीवरचं घर तुम्ही करायचं. तुम्हाला हवं तसं."

वीस मुलं होती. त्यांत एक सात वर्षांची, अंगानं बारीक, तोंडानं अबोल. तिची आजी तिला मुंगी म्हणायची म्हणून सगळेच म्हणत. तिनं दोन शनिवार मान वर केली नाही. शेवटी काकांच्या टेबलावर एक हिरवा ओबडधोबड घुमट आणून ठेवला. डिंकाचे ओघळ सुकलेले, एक बाजू बसकी, आणि मधोमध अंगठा खुपसून फाडल्यासारखं मोठं भोक.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं," मुंगी म्हणाली आणि हात पुसून निघून गेली.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी वाचनालय जेवणासाठी बंद होतं. काकांनी वीसही कासवं आपल्या टेबलावर ओळीनं मांडली. पाहुणे येणार, समितीचे लोक येणार, आणि ही कासवं म्हणजे अपघात झालेली! आधी एकाची कड कातरली. मग दुसऱ्याचा ओघळ खरवडला. एकदा कात्री हातात आली की ती कुठं थांबते? तासाभरात चौदा कासवं त्यांनी नीट करून टाकली.

मुंगीचं कासव त्या चौदांतलं शेवटचं. ते उचललं तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. एखादा कपटा असेल असं म्हणून काकांनी आत पाहिलं नाही. पाठ बसू नये म्हणून रद्दीचे बोळे त्या भोकातून दाबून भरले, वरून हिरवा कागद ताणून चिकटवला आणि हाडाच्या पट्टीनं असा घोटला, की भोक कुठं होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली चिठ्ठीवर सुरेख अक्षरात मुलीचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दालन भरलं. समितीचे अध्यक्ष चष्मा वर करून म्हणाले, "लहान मुलांनी केलंय? विश्वास बसत नाही." ग्रंथपालबाईंनी काकांना पुढं बोलावलं. काका हात जोडून हसले. ते हसू पुढं कित्येक दिवस त्यांना आठवत राहिलं.

मुंगी आली ती आजीची चाकांची खुर्ची ढकलत. मागून तिचे वडील येत होते. आजी वर्षभर घराबाहेर पडलेली नव्हती. मुंगीनं खुर्ची थेट टेबलापाशी नेली. "आजी, वाक. आत बघ. एक डोळा मीट आणि बघ."

आजी वाकली. बघायला काही नव्हतंच. मुंगीनं कासव उचललं, फिरवलं, उलटं केलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

आजूबाजूचे चार लोक वळले. वडील म्हणाले, "अगं, खाली नाव आहे ना तुझं?"

"माझ्यात आजी होती. काडेपेटीच्या खाटेवर. तिला बाहेरचं दिसायला मी खिडकी केली होती."

काका दोन हात अंतरावर उभे होते. आत काय खुळखुळलं होतं ते त्यांना तिथंच कळलं. खरं सांगायला एवढाच क्षण होता. शेजारी अध्यक्ष उभे, ग्रंथपालबाई उभ्या. काकांच्या तोंडून आलं, "तुझंच आहे बाळा. विसरलीस का?"

वडिलांनी तिचा दंड धरला. "काका काय खोटं बोलतील? सगळ्यांसमोर शोभा करू नकोस."

मुंगी रडली नाही. तिनं कासव खाली ठेवलं आणि काकांकडे पाहिलं. रागानं नाही, तर एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. आजी घाईघाईनं म्हणाली, "छान झालंय गं. चल, मला दमायला झालं."

संध्याकाळी खोलीचं दार लावून काकांनी पात्यानं तो हिरवा कागद कापला. बोळे काढले. खाली चेपलेली काडेपेटी होती आणि तिच्यात कागदाची बोटभर म्हातारी, डोक्याला पांढरा दोरा चिकटवलेला. बोळ्यांनी तिची मान मोडली होती. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचं फाटलेलं जोडणारे ते हात काकांना स्वतःचे वाटेनात.

पुढच्या शनिवारी मुंगी आली नाही. त्याच दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा कात्रीशी झटापट करत होता. प्रदर्शनात त्याच्या कासवाच्या कडा बघून सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. "काका, आज का जमत नाहीये? मागच्या वेळी तर मला जमलं होतं ना?" त्यानं विचारलं. काकांना तोंड लपवायला जागा उरली नाही. "जमेल," ते पुटपुटले. आणखी एक खोटं.

घरी बायकोनं ताटातलं तसंच राहिलेलं पाहिलं आणि विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. ती काही टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी थोडीच सात वर्षांची आहे?"

तरी आणखी एक आठवडा गेला. दोनदा ते मुंगीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्यांदा कापडी पिशवीत कासव घेऊन त्यांनी दार वाजवलं.

"या या, काका!" वडील म्हणाले. "पोरीच्या वतीनं मीच माफी मागायला येणार होतो."

"मागू नका," काका उंबऱ्यातच म्हणाले. "ती खरं बोलली. मी खोटं बोललो. भोक मी बुजवलं, आतलं मी मोडलं, आणि तुमच्यादेखत तिलाच खोटं पाडलं."

वडील हसायला गेले आणि थांबले. "पाणी आणतो," म्हणून आत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

आजी पलंगावर टेकून बसली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. काकांना ते आता दिसलं. मुंगी पायथ्याशी बसून चित्राला रंग देत होती. काकांनी कासव तिच्यापुढं ठेवलं.

आजी म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. हिच्या हातचं इतकं गुळगुळीत कधी नसतं. पण चारचौघांत कशाला, म्हणून मीही गप्प बसले."

मुंगीनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही दोघंही."

मग तिनं काकांना विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंत?"

साठीला टेकलेल्या माणसानं सात वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? "लोक छान म्हणत होते," काका म्हणाले. "मला ते सोडवेना."

मुंगीनं काडेपेटी बाहेर काढली, मोडकी म्हातारी तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. कासवाला हात लावला नाही. काका ते तिथंच ठेवून निघाले. वडील दारापर्यंत आले, पण नजर वर उचलेनात.

शनिवारी काकांनी मुलांना खाली बसवलं आणि सांगितलं, "चौदा कासवं मी तुम्हाला न विचारता कातरली, चिकटवली. ते चूक होतं." कात्रीवाला मुलगा लाल झाला. एक मुलगी म्हणाली, "पण माझं तर तुम्ही छान केलंत!" सगळी हसली. काकांना हसू आलं नाही. ग्रंथपालबाईंनाही त्यांनी सांगितलं. बाई बराच वेळ रजिस्टरवरून बोट फिरवत राहिल्या. "अध्यक्षांना मात्र सांगू नका," त्या म्हणाल्या. काकांनी अध्यक्षांनाही सांगितलं. त्यांना कसलं प्रदर्शन तेच आधी आठवेना.

मुंगी पाचव्या शनिवारी परत आली. दाराजवळच्या, सगळ्यात लांबच्या टेबलाशी बसली. त्या दिवशी पुरात वाहून जाणाऱ्या घराची गोष्ट होती आणि मुलं खोक्यांच्या होड्या करत होती. काका हात पाठीमागे बांधून टेबलांमधून फिरत होते. कुणी मागितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःला घालून घेतलं होतं. ते जवळ आले तशी मुंगीनं आपल्या होडीवर आडवा हात धरला.

काका तिथूनच वळले आणि दुसऱ्या ओळीकडे गेले. अजूनही ती तसाच हात धरते, आणि अजूनही ते तिथून वळतात.