बिनटपाच्या गाडीची पूजा

गाडी उतारावरून मागे घसरली आणि ब्रेक काही लागेना.

"अहो, दाबा ना!"

"दाबतोय गं, पाय पार खाली टेकला!" हे ओरडले.

चाकाखाली पूजेचं लिंबू नीट बसावं म्हणून माझ्या नणंदेने तिथे लावलेला दगडच काढला होता. "वहिनी, लिंबू छान चिरडलं हो!" त्या वरून म्हणाल्या.

ह्यांनी हौसेने घेतलेली ही जुनी, उघड्या टपाची गाडी. स्वस्तात का मिळाली, ते तेव्हा कळलं. घाबरून वर पाहिलं तर नुसतं आभाळ. जन्मभर डोक्यावर पदर, छप्पर, नाहीतर छत्री. एवढं आभाळ कधी बघितलंच नव्हतं. मरायच्या वेळी मला हसू फुटलं.

गाडी शेजाऱ्यांच्या गवताच्या गंजीत घुसली. मी, हे आणि गंजीवरची कोंबडी, तिघंही वाचलो.