कुंडलिक डॉक्टरांची तपासणी

कुंडलिकने मथुराला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता आणि मथुराच्या हातात त्याच गाईचं शेपूट होतं. लोकांची प्रेमं जत्रेत जमतात, तळ्याकाठी जमतात, एसटीच्या मागच्या सीटवर जमतात. होल्स्टीन गाईच्या मागच्या अंगाला जमलेलं हे आंबेगाव तालुक्यातलं एकमेव प्रकरण. साल एक्क्याण्णव. अवसरी बुद्रुकची जुनी माणसं अजून शपथेवर सांगतात, की दोघांची नजरानजर झाली तेव्हा विहिरीवरचं इंजिन आपसूक बंद पडलं, भर दुपारी कोंबडा आरवला आणि शेजारच्या गोठ्यातल्या सात म्हशींनी एकदम रवंथ करायचं थांबवलं. कुंडलिक तर आपण कुठे उभे आहोत हेच विसरला. हात आत, डोळे बाहेर, असा तो म्हणे पंधरा मिनिटं खांबासारखा उभा होता.

"पावणं, झालं का न्हाई अजून? शेपूट धरून माझा हात मोडाय आला," मथुरा म्हणाली. मग गाईनेही लाथ झाडून दुजोरा दिला.

गाय एकाच कांडीत भरली. कांडी म्हणजे वळूचं बीज भरलेली बारीक नळी. शेजारच्या तालुक्यातल्या येडगावचा कुंडलिक दूध संघाच्या नोकरीत होता आणि अशा शेकडो कांड्या गोठवून ठेवणाऱ्या नायट्रोजनच्या टाकीत घालून राजदूत मोटारसायकलवरून गावोगाव हिंडायचा. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ उसळायची आणि म्हाताऱ्या बायका नकळत हात जोडायच्या. शिक्षण दहावी आणि वर काही महिन्यांचं ट्रेनिंग, पण लोक त्याला डॉक्टर म्हणत आणि तोही मान किंचित वाकवून ते स्वीकारत असे. अवसरीची गाय लागली की नाही हे बघायच्या निमित्ताने तो चार वेळा गेला. एवढी तपासणी राज्यातल्या कुठल्याही गाईची झाली नसेल. पाचव्या वेळी तो आईला घेऊन गेला, आणि गाय व्यायच्या आत मथुरा येडगावच्या घरात आली.

पुढची पाच वर्षं दोन्ही तालुक्यांत कुंडलिकच्या हाताला यश होतं आणि घरातला पाळणा माळ्यावर होता.

गावाला एवढं पुरलं. पारावर बसलेला सावळेराम राजदूतचा आवाज आला की मुद्दाम उठून उभा राहायचा आणि विचारायचा, "डॉक्टर, सगळ्या तालुक्याच्या गोठ्यात वासरं झाली राव, तुमच्या घरची टाकी कधी उघडायची?" कुंडलिक हसायचा. तो हसायचा म्हणून लोक पुन्हा विचारायचे. मथुराला मात्र कुणी हसून विचारत नसे. कुंडलिकची आई साळुबाई हिने तिला अंगारे लावले, उंबराच्या फेऱ्या घालायला लावल्या, कसलीशी मुळी उगाळून पाजली, आणि ह्यातलं काहीच लागू पडत नाही असं दिसल्यावर तिला गाभण गाईला वैरण टाकायला बंदी केली. तिची सावली पडून गाय गाभडली तर काय घ्या, म्हणाली. गाभण गाई सोडून उरलेल्या जनावरांचं शेण तिने काढावं, ह्याला हरकत नव्हती.

सत्त्याण्णव साली मथुराच्या भावाने, भरतने, पुण्याच्या एका डॉक्टर मॅडमचा पत्ता आणला. मॅडमने दोघांना समोर बसवून सांगितलं, की आधी तपासण्या, मग तीन महिने तयारी, मग उपचार. नवऱ्याचं बीज स्वच्छ करून बायकोच्या गर्भाशयात सोडायचं. हे ऐकून कुंडलिकचा चेहरा उजळला. हे तर आपलंच खातं. त्याने मॅडमना दोन व्यावसायिक प्रश्नही विचारले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि मथुराला तपासायला आत नेलं.

येडगावला आल्यावर त्याने तयारी अंगावर घेतली. गाईंच्या रजिस्टरात एक नवं पान उघडून त्यावर मथुराच्या तारखा लिहायला सुरुवात केली. कॉलम तेच: माजाची तारीख, वेळ, शेरा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर सकाळी, हा संघाचा नियम त्याने घरीही लागू केला, आणि त्यापायी दोनदा आळेफाट्याच्या गाई ताटकळत ठेवून अर्ध्या वाटेवरून परत आला. साळुबाईला दळणाला पाठवायचं, दाराला कडी घालायची. साळुबाईच्या पिठाचा डबा कधी नव्हे इतका भरलेला राहू लागला. मथुरा फॉलिकच्या गोळ्या घेई, सकाळी उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर धरी. मॅडमच्या सांगण्यावरून कुंडलिकने तंबाखू सोडली, कढत पाण्याची अंघोळ सोडली आणि खाटेवर बसून पाच-पाच बदाम मोजून खाल्ले. ते तीन महिने दोघं लई मजेत होते. रात्री फाइल उघडून कागद नीट लावत बसायचे, जसं काही त्यांना त्या कागदांतूनच एखादं नाक, एखादा कान दिसणार होता.

मथुराच्या तपासण्या झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला. त्यात ती ओठ चावून पडून राहिली आणि बाहेर आल्यावर ओठाला रक्त होतं. शेवटी पोटाला भोक पाडून दुर्बिणीनेही बघितलं. सगळं ठीक निघालं. मॅडम म्हणाल्या, आता तुमची एक तपासणी, मग पुढच्या महिन्यात सुरू करू.

इथे कुंडलिकचं घोडं अडलं. कधी टाकीत नायट्रोजन भरायचा असे, कधी संघाची मीटिंग असे. हजारो वळूंच्या बिजाची उलाढाल केलेला माणूस स्वतःच्या बिजाचं नाव निघालं की चपला शोधू लागायचा. शेवटी एका सकाळी मथुराने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि सांगितलं, "तुमीच लोकांना सांगता ना, दहा गाई उलटल्या, गाभन न्हाई ऱ्हायल्या, तर आधी वळू बघा. मग बघू द्या की."

तो पुण्याला गेला. तिथे त्याला एक डबी दिली आणि एका खोलीत पाठवलं. खोलीला कडी नीट लागत नव्हती आणि बाहेरच्या बाकावर कुणाची तरी आजी मोठ्याने जप करत होती. अर्ध्या तासाने तो रिकामी डबी घेऊन बाहेर आला. मग असं ठरलं, की त्याने घरून नमुना आणायचा आणि मंचरच्या एका लॅबमध्ये द्यायचा. लॅबवाल्याने फोनवर बजावलं: तासाच्या आत आणा, आणि डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून आणा, गार होऊ देऊ नका.

कुंडलिकला हसू आलं. बीज उबेत न्यायचं म्हणे. दहा वर्षं ह्या धंद्यात होता तो. ऊब लागली की बीज मेलं, हे त्याला पाठ होतं. एकदा नुसतं झाकण सैल राहिलं तर साठ कांड्या वाया गेल्या होत्या आणि साहेबांनी त्याला उभं केलं होतं. मंचरच्या पोराटोरांनी त्याला काय शिकवायचं? त्याने जनावरांच्या लसीचा थर्मास घेतला, बर्फाने गच्च भरला, मधोमध डबी बसवली, वर आणखी बर्फ घातला आणि चाळीस मिनिटांत राजदूत मंचरला पोचवली. लॅबच्या दारात रुमालाने डबी कोरडी पुसली आणि मोठ्या ऐटीत काउंटरवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. मोजणीचा आकडा होता, पण त्याच्या पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: जिवंत, शून्य. खाली पेनाने शेरा होता, तपासणी पुन्हा करावी. वळूंचे असले कागद त्याने पुष्कळ बघितले होते. असा कागद आलेला वळू दुसऱ्या दिवशी कळपात नसतो. मंचरच्या स्टँडवर तो दोन तास बसून राहिला. मग घरी आला. मथुरा चुलीपुढे होती, तिने वळूनही न बघता विचारलं, काय आलं?

"माझं ठीक हाये," कुंडलिक म्हणाला. "पन मॅडमला फोन केला व्हता. त्या म्हनल्या, तुझं गर्भाशय थंड हाये. इलाज न्हाई."

फोन वगैरे काही झाला नव्हता. बीज बर्फात घालून नेणाऱ्या माणसाला शब्द सुचला तो थंड. मथुराने भाकरी उलटली, भाजली, ताटात टाकली. डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही. रिपोर्ट कुंडलिकने रजिस्टराच्या पुठ्ठ्यात सारला.

साळुबाईने महिन्याच्या आत दुसरी पोरगी शोधली. कुंडलिकने साफ नकार दिला. दुसरी आली आणि तिलाही झालं नाही तर गाव कुणाकडे बघेल, हे त्याला चांगलं कळत होतं. पण गावाला दिसलं ते वेगळंच. वांझ बायको असून टाकली नाही, सवत आणली नाही, असा माणूस म्हणजे देवच. सावळेरामने पारावरची चेष्टा बंद केली आणि राम राम घालू लागला. ग्रामपंचायतीने सव्वीस जानेवारीला त्याला नारळ आणि शाल दिली. शाल गोपालनासाठी होती, पण सरपंचांनी भाषणात मथुराचाही उल्लेख केला, आणि बायकांच्या घोळक्यात बसलेल्या मथुराने पदर तोंडावर ओढला. तिने त्या वर्षापासून सोमवार धरले, नवऱ्यासाठी. त्याच्या ताटात आधी तूप वाढायची. त्याला ते तूप गिळायला जड जायचं, पण तो गिळायचा.

अशी सहा वर्षं गेली. दोन हजार चार साली संघाने सगळ्यांना उजळणी वर्गाला बोलावलं. तिथे एक तरुण शास्त्रज्ञ फळ्यावर लिहून समजावत होता. कांडीतलं बीज गोठवण्याआधी त्यात अंड्याचा बलक घातलेलं द्रावण मिसळतात आणि ते हळूहळू गार करतात. ताजं बीज तसंच बर्फावर ठेवलं तर थंडीच्या धक्क्याने मरतं, मग वळू कितीही चांगला असो. इतरांनी वहीत लिहून घेतलं. कुंडलिकचं पेन हातातच राहिलं. मग त्याने हात वर करून विचारलं, "साहेब, माणसाचंबी तसंच का?" वर्ग खो खो हसला. साहेबही हसले आणि हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कुणाला न सांगता तो पुण्याला गेला, खोलीत शिरला आणि ह्या वेळी डबी भरून बाहेर आला. रिपोर्ट आला: सर्व उत्तम. बापडा नारायणगावच्या स्टँडवर पेढे घेऊन उतरला. आपल्याला आनंद झाला म्हणजे तो आधीच्या सगळ्यावर पांघरूण घालेल, असं त्याला खरोखर वाटलं. मथुरा तेहतीस वर्षांची होती, मॅडम अजून दवाखान्यात बसत होत्या. त्याने नवा रिपोर्ट तिच्या हातात दिला, पुठ्ठ्यातून जुना काढून शेजारी ठेवला, आणि बर्फाची गंमत हसत हसत सांगायला घेतली.

मथुराने दोन्ही कागदांवरच्या तारखा वाचल्या. तिला तेवढं वाचता येत होतं.

"स्नेहाच्या डोहाळजेवनाला सासूबाईंनी मला गोठ्यात बसवलं, तवा तुमी घरात व्हता?"

"व्हतो."

"हा कागद कुठं व्हता?"

"रजिस्टरात."

"आन् मॅडमचा फोन?"

कुंडलिकने पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडला. बाहेर साळुबाई पुतण्याच्या मुलीला, त्याच स्नेहाच्या लेकीला, काऊचिऊचे घास भरवत होती.

"बरं," मथुरा म्हणाली. तिने पेढ्यांचा पुडा दोऱ्याने पुन्हा बांधला आणि देवळीत ठेवला. कुंडलिक मॅडमची वेळ घेण्याबद्दल बोलत राहिला. गुरुवार की शुक्रवार, एवढंच त्याने विचारलं. ती म्हणाली, तुमाला सोयीचं असंल तसं.

गुरुवारी सकाळी धारा काढून, डेअरीत दूध घालून ती अवसरीला भरतकडे गेली. फाइल तिने नेली नाही. कुंडलिक चार वेळा आणायला गेला, भरतने चारही वेळा त्याला चहा दिला. दोन हजार सहा साली सहमतीने फारकत झाली. अवसरी खुर्दला कॉलेज निघाल्यावर मथुरा तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. कुंडलिकने दुसरं लग्न केलं नाही, आणि मूल दोघांनाही झालं नाही.