नखाची खूण

काका आधी अंगठ्याच्या नखाने चिकू खरवडायचे, सालीखाली हिरवं नाही ना ते बघायचे आणि मगच माझ्या हातावर ठेवायचे. "चार दिवस ठेव, शेठ. मग खा."

डहाणूत माझं औषधांचं दुकान आहे. काका बोर्डीचे, चिकूवाडीवाले. दर महिन्याला उदासीच्या आजाराच्या गोळ्या न्यायला यायचे. चिकूपलीकडे चार शब्द बोलतील तर शपथ!

एकदा बरं वाटलं म्हणून त्यांनी परस्पर गोळ्या सोडल्या. मीही खुळ्यासारखा खूश झालो. मग एक दिवस काकी आल्या. "भाऊ, खाटेवरून उठत नाहीत. माल झाडाखाली सडतोय," म्हणाल्या आणि दुकानातच रडल्या. मला माझीच लाज वाटली.

पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, काका सावरले. पण आजार परत उलटेल ही भीती काही जाईना. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. गोळ्या पुढेही चालू ठेवायच्या, नाहीतर समुपदेशक बाईंकडे नेमाने बसून, आजाराची चाहूल ओळखायला शिकून, गोळ्या हळूहळू कमी करून बघायच्या.

"शेठ, बोलून चिकू पिकतो का?"

"काका, मी गोळ्या विकतो. मला कसलं विचारता?"

काका हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

गेले बाईंकडे. पहिल्या दोन भेटींत म्हणे फक्त चिकूच्या कलमांवर बोलले. तिसऱ्या भेटीत बाईंनी विचारलं, आजार यायच्या आधी तुमचं काय बदलतं? काका म्हणाले, "मी खरवडून बघायचं सोडतो. सगळंच टोपलीत टाकतो."

घरी जाताना दुकानात शिरून मलाही बजावलं, "बिनखुणेचा चिकू आला, तर काकीला सांग. ती मला डॉक्टरांकडे नेईल."

डॉक्टरांनी गोळी कमी करत करत शेवटी बंद केली. सगळ्यांना हे जमत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाला गोळीच मानवते आणि त्याचंही छान चाललंय.

आता काका दुकानात येत नाहीत. गिऱ्हाईक तुटल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. करमत नाही, ते वेगळं.

काल काकींनी चिकूंची पिशवी आणून दिली. मी एकेक उलटून बघू लागलो. सगळ्यांवर खूण, एकावर नाही. तो मी बाजूला काढला.

"काकी, काका बरे आहेत ना?"

काकी खुदकन हसल्या. "त्यांनीच मुद्दाम घातलाय तो. म्हणाले, शेठ अजून बघतो का, ते बघून ये."